पुष्पकाची पहिली दांडी

ज्या माणसाला जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांनी काढलेल्या वाकड्या कपबश्या तपासाव्या लागतात, त्याला कधी ना कधी काहीतरी अचाट करून दाखवावंसं वाटणार, हे समजण्यासारखं आहे. रघूत्तमराव ड्रॉइंग मास्तर होते. त्यामुळे त्यांनी उडतं जेट विमान बनवायचं ठरवलं याचा दोष त्यांना देता येत नाही. दोष इतकाच की त्यांनी ते भर सभेत, पंचांसमोर, ध्वनिक्षेपक चालू असताना ठरवलं.

सभा रामनवमी उत्सवाची होती. कुंभकोणमच्या मराठी गल्लीत रामाचा मठ आहे आणि मठाला मंडळ आहे. गल्लीत मराठी घरं उरली असतील-नसतील, पण मंडळ भरभक्कम आहे. अध्यक्ष होते लक्ष्मीनारायणराव. तहसीलदार म्हणून निवृत्त झाले तरी त्यांच्यातला तहसीलदार काही निवृत्त झाला नव्हता; घरी पोळी वाढली तरी आधी तिच्या चतुःसीमा बघत.

त्या दिवशी त्यांनी ठराव मांडला की नवमीचं पहिलं परिवट्टम यापुढे वंशपरंपरेनं नको. परिवट्टम म्हणजे देवापुढचं वस्त्र. भटजी ते मानकऱ्याच्या डोक्याला बांधतात. आपल्या मठात हा पहिला मान रघूत्तमरावांच्या घराण्याचा. त्यांचे पणजोबा तंजावरच्या दरबारात दारूकामावर होते आणि नवमीला मठापुढे असे बाण सोडत की म्हणे स्वामीमलैच्या डोंगरावरून दिसत. दरबार गेला, दारू गेली, राहिलं होतं ते एवढं हातभर फडकं. रघूत्तमरावांची सगळी प्रतिष्ठा त्या फडक्यात बांधलेली होती. शाळेत हेडमास्तर त्यांना गणिताच्या मास्तरांनंतर बसवत, घरी कॉफीही शेवटी मिळे. पण वर्षातून एक सकाळ अशी होती की सगळी गल्ली उभी आणि रघूत्तमराव पुढे.

"पणज्यानें बाण उडविले," लक्ष्मीनारायणराव ध्वनिक्षेपकात म्हणाले, "ते ठाऊक आहे. पणतू काय उडवितो?"

लोक हसले. हसण्यासारखंच होतं. रघूत्तमराव उठले, आणि पुढचं वाक्य त्यांच्या तोंडून कसं गेलं ते त्यांनाही पुढे कधी सांगता आलं नाही.

"पणतू विमान उडवील," ते म्हणाले. "पुष्पक. माणूस न बसतां, भूमीवरून रेडिओनें चालविलेलें. रामाच्या मिरवणुकीवर फुलें टाकील. नाहीं उडालें तर परिवट्टम तुमचें."

याला पार्श्वभूमी होती ती मागच्या नवमीची. पुराणिकबुवा राम लंकेहून पुष्पकातून परत येतो तो भाग सांगत होते आणि नेमकी तेव्हाच वायुदलाची जेट विमानं गावावरून गेली. आधी पोरं बाहेर धावली, मग बायका, मग पेटीवाला, आणि शेवटी पोथी मिटून स्वतः बुवा. तेव्हापासून रघूत्तमरावांचं एक मत झालं होतं की पुष्पक हे जेटच असणार, कारण रामायणात कुठेही पंख्याचा उल्लेख नाही. लक्ष्मीनारायणरावांनी, रामायणात पेट्रोलच्या टाकीचाही उल्लेख नाही, असं म्हणून पाहिलं. पण प्राचीनांना सगळं येत होतं असं एकदा माणसानं ठरवलं की टाकीसारख्या किरकोळ वस्तूनं तो अडत नाही.

शाळेच्या कपाटात एक जुनं विलायती मासिक होतं. त्यात असं विमान कसं करावं ते आकृत्यांसह दिलेलं होतं. आकृत्या रघूत्तमरावांनी उत्तम उतरवून घेतल्या. मजकूर वाचायचा राहिला.

मासिकात ज्या विलायती हलक्या लाकडाचं विमान करायला सांगितलं होतं ते आपल्याकडे कुठून मिळणार? पण आपल्याकडे नेट्टी आहे. तळ्यात उगवणाऱ्या झाडाचा पांढराशुभ्र गाभा, कापसाला लाजवील इतका हलका. त्याची देवळं कोरून काचेच्या पेटीत घालून लोक पाहुण्यांना देतात आणि पाहुणे ती कपाटावर ठेवून विसरतात. रघूत्तमराव नेट्टी घेऊन आले आणि जेवणघरात बसले.

आता इथे एक गोष्ट नाइलाजानं कबूल केली पाहिजे. विमान सुंदर झालं. माणूस कितीही हास्यास्पद असो, त्याचा हात हास्यास्पद नव्हता. पुरुषभर लांबीचं, शुभ्र, दोन्ही पंख किंचित मागे ओढलेले, शेपटी उभी. चाकं छत्रीच्या स्प्रिंगवर पोटात मिटत. वरचं काचेचं झाकण उघडे आणि आत बोटाएवढा राम बसवलेला दिसे. पोटाखाली फुलांचं दार. पंखांच्या टोकांना एक लाल दिवा, एक हिरवा. ते पूर्ण झालं तेव्हा त्यांची पत्नी वेंकटलक्ष्मी डाव हातात घेऊन दाराशी आली आणि बराच वेळ बघत उभी राहिली.

"चांगलें आहे," ती म्हणाली. "आतां आम्ही अस्की, घरचीं सगळीं, जेवायास कोठें बसायाचें, तें सांगा."

एवढ्या कौतुकावर रघूत्तमराव पुष्कळ दिवस जगले.

शेजारी गुरुमूर्ति अय्यर. रेल्वेत गार्ड होते, आता दिवसभर तिण्णैवर, म्हणजे घराबाहेरच्या ओट्यावर, बसून जगाला हिरवा-लाल दाखवत. तमिळ शेजारी आपल्याकडच्या सगळ्याच रावांना रायर म्हणतात, त्याप्रमाणे ते रोज सकाळी कॉफीचा पेला घेऊन येत आणि म्हणत, "रायरे, एक सांगू का?" आणि उत्तराची वाट न बघता सांगत.

त्यांचा पहिला सल्ला असा की ज्या वाहनाला मागे गार्ड नाही ते वाहन धोक्याचं. दुसरा, की पिळ्ळैयारला, म्हणजे गणपतीला, नारळ न फोडता काही उडवू नये, मग राम का असेना. तिसरा सल्ला मात्र ते रोज देत. "हे फार हलकं आहे, रायरे. गाडी रुळावर का राहते? जड असते म्हणून. हलकी वस्तू नेहमी घसरते. वजन घाला." हवेत रूळ नसतात, हे रघूत्तमरावांनी त्यांना तीनतीनदा समजावलं. "तेच तर," गुरुमूर्ति म्हणत, "मग वजन जास्तच पाहिजे."

रेडिओ मद्रासच्या जुन्या बाजारातून आला. लढाईत वापरलेला लष्करी संच होता; कोणत्या बाजूनं वापरला होता हे विकणाऱ्यालाही माहीत नव्हतं. घरात ठेवायच्या यंत्राला एकच कळ. ती दाबली की विमानातलं यंत्र एक घर पुढे सरके: पहिल्या दाबाला चाकं, दुसऱ्याला झाकण, तिसऱ्याला फुलांचं दार, चौथ्याला दिवे. क्रम बदलता येत नसे. म्हणजे फुलं टाकायची तर आधी चाकं हलवायची, मग रामाच्या डोक्यावरचं छप्पर उघडायचं, मग फुलं. हवेत छप्पर उघडल्यावर रामाचं काय होणार, हा प्रश्न वेंकटलक्ष्मीनं विचारला. "चिकटवितों," रघूत्तमराव म्हणाले.

पहिली चाचणी शुक्रवारी संध्याकाळी झाली. दुसरा कुठलाही वार चालला असता. पण शुक्रवारी तिरुची केंद्रावरून कचेरी, म्हणजे गाण्याची मैफल, असते आणि गल्लीतला प्रत्येक रेडिओ उघडा असतो. कोणी मोठे विद्वान तोडी आळवत होते. रघूत्तमरावांनी जेवणघरात कळ दाबली. चाकं टपकन मिटली, आणि त्याच क्षणी गल्लीतल्या सगळ्या रेडिओंतून "खर्रर्र" असा आवाज निघून तोडी मधोमध तुटली. रघूत्तमरावांना चाकांच्या आनंदात ते ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा दाबली. झाकण उघडलं. बाहेर विद्वानांना उचकी लागली की काय म्हणून गुरुमूर्ति आपल्या रेडिओला थापट्या मारू लागले. फुलांचं दार, खर्रर्र. दिवे, खर्रर्र. मग रघूत्तमरावांनी हर्षभरानं सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं.

गल्ली दाराशी जमली तेव्हा त्यांना वाटलं, लोक विमान बघायला आले.

"वीस वर्षांनी अशी तोडी ऐकत होतो," गुरुमूर्ति म्हणाले. "रायरे, खून झाला असता तर मी साक्ष दिली नसती. पण हे मी पोस्टात कळवणार."

त्यांनी कळवलं, आणि रघूत्तमरावांना बोलावणं आलं. रेडिओचे परवाने पोस्टात मिळतात आणि परवान्यांच्या खिडकीवर कल्याणराम नावाचे गृहस्थ बसत. कोणतंही काम नाकारायचं नाही आणि कोणतंही करायचं नाही, या व्रतावर त्यांची नोकरी चाललेली होती.

"यंत्राचा पत्ता?" कल्याणराम म्हणाले.

"एक घरी. दुसरं आकाशात."

"आकाशाला दार क्रमांक?"

"नाही."

"मग ते आमच्या विभागात येत नाही. त्यावर गाणं ऐकू येतं?"

"नाही."

"ऐकूच येत नाही तर परवाना कशाला?"

"मी तेच म्हणतो."

"पण परवाना तर घ्यावाच लागेल," कल्याणराम शांतपणे म्हणाले. "तोवर दोन्ही यंत्रं लाखेनं बंद करून ठेवतो. मालक कोण?"

इथे रघूत्तमरावांचा स्वाभिमान जागा झाला. एका कारकुनासमोर आपण फडतूस ठरतो आहोत असं वाटून ते ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "मालक श्रीराम."

कल्याणरामांनी टाक खाली ठेवला. इतक्या वर्षांत त्यांना पहिल्यांदाच काही आवडल्यासारखं दिसलं. "देव कायद्यानं अज्ञान असतो," ते म्हणाले. "अज्ञान मालकाच्या वतीनं पालकाची सही लागते. मठाचे अध्यक्ष कोण?"

त्यामुळे रघूत्तमरावांना लक्ष्मीनारायणरावांच्या घरी जावं लागलं. लक्ष्मीनारायणरावांनी चष्मा पुसला, अर्ज उलटा-सुलटा वाचला, आणि पाहुण्याला कॉफी पाजून अतिशय प्रेमानं सही केली. "रामाचा पालक मी आणि विमानाचे पालक तुम्ही," ते म्हणाले. "पाहूं कोणाचें लेंकरूं आधीं पडतें." परतताना रघूत्तमराव नदीच्या बाजूनं लांबचा रस्ता घेऊन आले, कारण चेहरा ठीक व्हायला वेळ लागत होता.

विमानातलं यंत्र काढून दोन्ही यंत्रं लाखेखाली गेली. राहिलं इंजिन. जेटला मागे नळी लागते, तीत जाळ होतो, जाळ मागे जातो आणि विमान पुढे. नळी नेट्टीची करून चालत नाही, एवढं त्यांच्याही लक्षात आलं होतं. भांडीवाल्यांनी नकार दिला. त्यांना घागर येते, तंबाळू येतं, आणि जे येतं त्याच्याबाहेर कुंभकोणमचा भांडीवाला कधी गेलेला नाही. तेव्हा रघूत्तमरावांनी विमान जुन्या धोतरात गुंडाळलं, बसच्या टपावर आपल्या हातानं बांधलं आणि स्वामीमलै गाठलं.

स्वामीमलैत मूर्ती ओततात. नटराज स्थपतींचा कारखाना त्यांतला नावाजलेला. स्वतः स्थपती लाकडी पाटावर बसून एका देवीचं नाक तासत होते आणि त्यांनी पाहुण्याकडे देवीच्या मानानं जेवढं बघावं तेवढंच बघितलं.

"दिवाळीनंतर," ते म्हणाले.

"छोटं काम आहे. एक नळी."

"मग पुढच्या दिवाळीनंतर."

नवमी तोंडावर आली होती. रघूत्तमरावांना लक्ष्मीनारायणरावांच्या डोक्याला बांधलेलं परिवट्टम दिसलं; ते त्यांना त्या टकलावर फारच विजोड वाटलं. त्यांनी धोतर सोडून विमान पुढे ठेवलं आणि म्हणाले, "हे रामाचं वाहन आहे. नवमीला राम याच्यावर बसून गावातून मिरवणार."

हे खोटं होतं. मठाचा उत्सवमूर्ती राम दरवर्षी, माणसं दांड्यांनी खांद्यावरून नेतात त्या, हनुमंताच्या वाहनावर निघे आणि यंदाही निघणार होता. विमानात होता तो बोटाएवढा, चिकटवलेला. पण आपल्याकडे देवाचं नाव घेतलं की रांग सरकते, आणि रांग सरकवायला देवाचं नाव घेतो त्याला आपण भक्त म्हणतो.

स्थपती उठले. खांद्यावरचं उपरणं कमरेला बांधलं. नारळाच्या झापाची एक लांब पट्टी घेऊन ती घड्या घालून विमानावर नाकापासून शेपटीपर्यंत लावली, कारण शिल्पशास्त्रात इंच नसतो. "लक्षणं बरी आहेत," ते म्हणाले. "कोणी केलं?"

"मी."

"अंगप्रमाण साधलंय. नाक थोडं लांब आहे, पण गरुडाचंही असतं."

रघूत्तमराव इतके फुगले की नळीच्या मापाचा कागद दाखवताना त्यांचं बोट कागदावर कमी आणि विमानावर जास्त फिरत होतं. "जसं आहे तसं, तंतोतंत, धातूत हवं," असं ते दोनदा म्हणाले. त्यांच्या मनात नळी होती. स्थपतींच्या मनात देव होता. देवाच्या वाहनाची एक नळी तेवढी धातूची आणि बाकी अंग तळ्यातल्या गवताचं, असलं अमंगळ कुठला माणूस मागेल, हे त्यांच्या डोक्यातही येणं शक्य नव्हतं.

मधे एकदा रघूत्तमराव चौकशीला गेले. कारखान्यातल्या माणसानं दारातूनच सांगितलं, "मातीत आहे. आत्ता हात लावता येणार नाही." नळीचा साचा मातीतच करणार, यात विचारण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी विचारलं नाही. येताना सगळ्या बसला त्यांनी जेट इंजिनाचं तत्त्व समजावून सांगितलं आणि दोन माणसं आपला थांबा येण्याआधीच उतरली.

नवमीच्या आदल्या दिवशी गल्लीच्या टोकाशी नादस्वर वाजलं. पुढे नादस्वरवाला, मागे बैलगाडी, गाडीबरोबर अनवाणी चालणारे नटराज स्थपती. बैल नवसाला आणल्यासारखे तोंडाला फेस आणून थांबले. गाडीत गवताच्या गादीवर रघूत्तमरावांचं जेट होतं. पंख तेच, शेपटी तीच, पोटाखालच्या दाराची रेघ तीच, मिटलेली चाकं तीच, तुटलेल्या स्प्रिंगला त्यांनी मारलेली गाठसुद्धा तीच. फक्त सगळं पंचधातूचं होतं, उन्हात सोन्यासारखं झळकत होतं, आणि चाक फिरवून बघितलं तर फिरत नव्हतं, कारण चाक आणि पोट आता एकच होतं.

"आणि माझं?" रघूत्तमराव कसेबसे म्हणाले. "ते नेट्टीचं?"

"तुमचंच आहे हे," स्थपती म्हणाले. "त्यावरच मेण चढवलं. मेणावर माती लावली. भट्टीत मेण वितळलं, नेट्टी जळाली, तिच्या जागी धातू गेला. जळल्याशिवाय वाहन कसं होईल?"

"आत पोकळ तरी आहे?"

स्थपतींनी त्यांच्याकडे असं बघितलं की विचारलेला प्रश्न परत घ्यावासा वाटावा. "पोकळ घागर असते. देवाचं काम भरीव."

आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना डोळे होते. लांब, कानापर्यंत जातील असे, मिटल्या ओठांच्या वर शांत उघडलेले. मासिकात डोळे नव्हते, ओठही नव्हते. पण वाहनाला डोळे लागतात, आणि ते सोन्याच्या सुईनं, मंत्र म्हणून, सकाळी उघडलेले होते. "नेत्रोन्मीलन झालंय," स्थपती म्हणाले. "आता याला वस्तू म्हणू नका."

बायका ताटं घेऊन बाहेर आल्या. वेंकटलक्ष्मीनंही ओवाळलं. जेवणघर इतक्या महिन्यांनी मोकळं झालेलं तिनं आधी एकदा वळून बघितलं, मग हळदकुंकू जेटच्या कपाळाला लावलं. गुरुमूर्तिंनी पंखावर हात ठेवला, तो जराही हलला नाही, आणि त्यांचं समाधान झालं. "आता कसं," ते म्हणाले. "हे रुळावरून उतरायचं नाही."

तेवढ्यात लक्ष्मीनारायणराव आले. गर्दीनं वाट करून दिली. रघूत्तमराव गाडीच्या चाकाला धरून उभे होते. त्यांनी मनाशी ठरवलं होतं की विचारायच्या आत सांगून टाकायचं: नाही उडणार, परिवट्टम घ्या. पण घराण्याचं ते हातभर वस्त्र काही केल्या तोंडातून सुटत नव्हतं.

लक्ष्मीनारायणरावांनी गाडीला प्रदक्षिणा घातली. चष्मा काढून डोळे बघितले. मग त्यांनी पंख खालून उचलायचा प्रयत्न केला. तहसीलदारानं आयुष्यात केलेलं ते पहिलंच अंगमेहनतीचं काम असावं. पंख जागचा हलला नाही. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक तेज पसरलं.

"उडेल?" त्यांनी विचारलं.

रघूत्तमराव बैलांकडे बघू लागले.

"न उडालें म्हणून काय जाहलें?" वेंकटलक्ष्मी ताट खाली ठेवत म्हणाली. "राम लंकेस जातांना विमानांतून गेला होता काय? चालतच गेला कीं."

हे ऐकून गल्लीनं मान डोलावली. आपल्याकडे बाईनं नवऱ्याची बाजू घेतली की ती खरी मानायची पद्धत आहे, कारण तसं फार वेळा घडत नाही.

"बरोबर," लक्ष्मीनारायणराव म्हणाले. "मी परिवट्टम मागत नाहीं. उलट सांगतों, मान तुमचाच, रघूत्तमराव. तुमचा, मग तुमच्या जांवयाचा, मग नातवांचा. डोळे उघडलेलें वाहन मठाबाहेर ठेवितां येत नाहीं. उद्यांपासून दर नवमीस राम यावरच निघेल. आणि मठाची रीत काय आहे?" त्यांनी सभोवार बघितलं. रीत सगळ्यांना ठाऊक होती. फक्त कोणी नवं वाहन दिलं नव्हतं म्हणून आठवली नव्हती. "जो वाहन देतो, पुढची पहिली दांडी त्याच्या खांद्यावर. हयात असेतों."

टाळ्या पडल्या. नादस्वरवाल्यानं, पैसे मिळण्याची शक्यता वाटून, पुन्हा सूर धरला.

त्याच दुपारी पोस्टाचा शिपाई परवाना घेऊन आला. श्रीराम, अज्ञान, यांना फिरत्या वाहनावर बिनतारी यंत्र बाळगण्यास परवानगी देण्यात आली होती. लाख फोडायलाही हरकत नव्हती. रघूत्तमरावांनी फोडली नाही.

नवमीला भटजींनी त्यांच्या डोक्याला परिवट्टम बांधलं. सगळी गल्ली उभी होती. हेडमास्तरही आले होते, आणि गणिताचे मास्तर मागच्या रांगेत होते. ज्याच्यासाठी महिनोन्महिने नेट्टी कोरली, तोडी मोडली, कारकुनापुढे ताठ उभं राहिलं आणि देवाच्या नावानं खोटं बोललं, तो क्षण आला आणि त्यांना तो नीट अनुभवताच आला नाही. कारण त्याच वेळी कोणीतरी "एळुप्पा" म्हणून ओरडलं आणि दांड्या उचलल्या गेल्या.

दांड्यांखाली गल्लीतले सगळे धट्टेकट्टे घातले होते. पहिल्या दांडीला रघूत्तमराव. ड्रॉइंग मास्तराच्या खांद्यानं आजवर तांदळाची पिशवीसुद्धा नेली नव्हती. राम जेटवर बसला, दोन्ही पंखांवर हार घातले, आणि मिरवणूक हलली. गल्लीच्या पहिल्या वळणापर्यंत दांडी खांद्याच्या कातडीत गेली, दुसऱ्या वळणापर्यंत हाडात. मान एका बाजूला कलली ती कललीच. लक्ष्मीनारायणराव शेजारून, मोकळ्या खांद्यांनी, टाळ वाजवत चालले होते. प्रत्येक घरी मिरवणूक थांबे, आरती होई, आणि आरती म्हणणारा प्रत्येक जण आपल्याला येतात तेवढी सगळी कडवी म्हणे.

गुरुमूर्तिंच्या दारापाशी थांबले असताना आवाज आला. आधी लांबून, मग एकदम डोक्यावर. वायुदलाची विमानं यंदाही नेमकी वेळेवर आली होती. टाळ थांबले. भटजींनी आरतीचं तबक हातात तसंच धरून वर बघितलं. लक्ष्मीनारायणरावांनी बघितलं, हेडमास्तरांनी बघितलं, पोरं ओरडत धावली. सगळी गल्ली आकाशाकडे तोंडं करून उभी राहिली. दांड्यांखालच्या माणसांना तेवढं वर बघता येत नव्हतं.

"रायरे, पाहिलंत?" गुरुमूर्ति ओट्यावरून आनंदानं ओरडले. "एका रेषेत गेली. जड असणार."

रघूत्तमरावांना समोरच्या कोलमच्या रांगोळीची पांढरी टिंबं दिसत होती, तेवढीच. आजूबाजूला बघायला मान वळत नव्हती, पण कोणी आपल्याकडे बघत नाही हे त्यांना कळलं. त्यांनी मोकळा हात वर नेला, डोक्याचं परिवट्टम सोडलं, चुरगाळलं आणि खांदा आणि दांडीच्या मधे सारलं. बरं वाटलं. पणजोबांच्या बाणांपासून आजपर्यंत त्या वस्त्राचा एवढा उपयोग कोणालाच झाला नसेल.

शेजारी कोणीतरी येऊन उभं राहिलं. वेंकटलक्ष्मी होती. तिनं वर बघितलंच नव्हतं. तिनं ते वस्त्र दांडीखालून ओढून काढलं, त्यांना वाटलं आता ती ते परत डोक्याला बांधणार. पण तिनं झटकून त्याच्या नीट घड्या घातल्या आणि पुन्हा त्यांच्या खांद्यावर, दांडीखाली सारलं.

"चौपदरी असूं द्या," ती हळूच म्हणाली. "एकेरी पुरत नाहीं. अजून अर्धा गांव आहे."